आधी रिकामं काय ठेवायचं ते ठरवा: गावाचा जमीनवापर आराखडा करताना

ग्रामपंचायतीत आराखड्याची बैठक बसली की पहिल्या दहा मिनिटांत यादी तयार होते. वेशीवर कमान, मारुतीपुढं सभामंडप, आतल्या गल्लीला पेव्हर ब्लॉक, चौकात हायमास्ट. यातलं काही वाईट नाही, पण ही झाली खरेदीची यादी. जमीनवापराचा आराखडा वेगळा. शिवारातल्या कुठल्या तुकड्यावर काय होईल आणि त्याच्याही आधी, कुठल्या तुकड्यावर काहीच होणार नाही, हे गावानं मिळून ठरवणं म्हणजे आराखडा.

मी स्थापत्य अभियंता. बीड, परभणी, लातूरकडं लेआउट पाडायची आणि घरांचे नकाशे काढायची कामं वीसेक वर्षं केली. त्यातली एक चूक अजून डोक्यातून जात नाही. हमरस्त्यालगत तीन एकरांत बावन्न प्लॉट बसवले होते. कागदावर इतके नेटके की मालकानं पेढे दिले. दुसऱ्या वर्षी सप्टेंबरात खालच्या ओळीतल्या घरांमध्ये गुडघाभर पाणी. बघायला गेलो तर शेजारच्या वावरातले एक मामा म्हणाले, "इंजिनेर सायेब, ह्या वावराचं नाव काय हाय, इचारलं होतं का कुणाला? लवणातलं वावर म्हणतेत ह्याला." लवण म्हणजे पाणी उतरून साचणारा सखल भाग. सातबाऱ्यावर गट नंबर होता. नाव नव्हतं.

खरं तर आपल्याकडं जमीनवापराचा सगळ्यात जुना नियम दोन शब्दांत आहे: काळी आणि पांढरी. काळीत पीक, पांढरीत वस्ती. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि तिच्यावर उथळ पाया घातला की भिंत कोपऱ्यातून तिरकी तडकते. म्हणून गाव बसायचं उंचवट्यावर, निचऱ्याच्या जमिनीवर. आज उलटं चाललंय. पांढरीत पडके वाडे आणि येड्या बाभळी, आणि रस्त्याकडेच्या भारी जमिनीत प्लॉटिंग.

खालचा क्रम मी अनुभवानं ठरवला आहे. पाणी, वाटा, सामायिक जमीन आणि सगळ्यात शेवटी घरं. हा क्रम उलटा केला तर आधीच्या तिन्ही गोष्टी घरांच्या खाली गाडल्या जातात आणि नंतर पैसे ओतूनही बाहेर काढता येत नाहीत.

पायरी १: कागद गोळा करा

तालुक्याच्या भूमी अभिलेख उपअधीक्षक कार्यालयातून गाव नकाशाची प्रत घ्या. तलाठ्याकडून (कागदोपत्री आता ग्राम महसूल अधिकारी, गावात अजून तलाठी आप्पाच) गाव नमुना १, नमुना १-इ म्हणजे अतिक्रमणांची नोंदवही, आणि सरकारी जमिनीचे सगळे सातबारे घ्या. ग्रामपंचायतीकडं नमुना ८ असतो, त्यात घरं आणि त्यांची आकारणी मिळते. स्वामित्व योजना २४ एप्रिल २०२० ला सुरू झाली. तिच्यात तुमच्या गावठाणाची ड्रोननं मोजणी झाली असेल तर तो नकाशा आणि मिळकत पत्रिका हे फार कामाचे कागद आहेत, कारण त्याआधी बहुतेक गावठाणांच्या आतली मोजणी झालेलीच नव्हती. गाव नकाशात गावठाण म्हणजे एक रिकामा डाग असायचा.

मराठवाड्यात कागदावर निजामाच्या राजवटीतले शब्द भेटतात: परमपोक, खारीज खाता, इनामाचे नाना प्रकार. शब्द कळला नाही तर अंदाज बांधू नका. १९५० च्या दशकातलं खासरा पाहणी पत्रक तहसीलच्या अभिलेख कक्षातून काढा आणि त्या गटाचा फेरफार मागं मागं वाचत जा. देवस्थान इनामाची जमीन 'सरकारी पड' समजून तिच्यावर क्रीडांगण आखलेलं मी पाहिलं आहे. प्रकरण कोर्टात गेलं, आणि मैदान आजतागायत झालं नाही.

जिल्ह्याच्या नगररचना कार्यालयात एक चक्कर माराच. तुमचं गाव कुठल्या प्रादेशिक योजनेत (मोठ्या भागासाठी सरकारनं केलेल्या जमीनवापराच्या योजनेत) आहे, एखाद्या शहराच्या विकास योजनेत शिरलं आहे का, शिवारातून नियोजित रस्ता जातो का, हे तिथंच कळतं. प्रादेशिक योजनेतला रस्ता ग्रामसभेच्या ठरावानं पुसला जात नाही.

घरबसल्या महाभूनकाशा या संकेतस्थळावर गटांच्या हद्दी आणि इस्रोच्या भुवनवर उपग्रहाचं चित्र दिसतं. पण एक सांगतो. झेरॉक्सवर मोठा केलेला नकाशा ताणला जातो. एखादा जुना, वादात नसलेला बांध टेपनं मोजा आणि नकाशावरच्या लांबीशी ताडून बघा, मगच पट्टी लावा.

पायरी २: दोन शिवारफेऱ्या

एक मे महिन्यात, एक पहिल्या मोठ्या पावसात. मेमध्ये जमिनीची हाडं दिसतात, पावसात तिच्या नसा. दुसऱ्या फेरीला छत्री घेऊन चारच माणसं येतील. ती पुरतात. मोबाईलवर पाणी कुठून कुठं वाहतं त्याचं चित्रण करा आणि प्रत्येक जागेचं जीपीएस ठिकाण जपून ठेवा.

मेच्या फेरीला सरपंच आले नाहीत तर चालेल. गुराखी, जुना कोतवाल, हातपंपावर रांग लावणाऱ्या बाया, तांड्यावरचे नायक, शेतमजूर हे मात्र हवेत. कुठला हातपंप एप्रिलपर्यंत चालतो, कुठल्या वाटेला अंधार पडल्यावर पोरी जात नाहीत, हे बाया सांगतील. कुठली पाणंद (शेताकडं जाणारी वाट) कधी कुणी नांगरली, हे गुराखी सांगेल, बहुधा दबक्या आवाजात.

वावरांची नावं लिहून घ्या. हे माझं सगळ्यात आवडतं काम. लवणातलं, चिबडाचं, बरडाचं, तळ्याखालचं, बारवेचं, पाटाचं, खडकाचं. प्रत्येक नाव म्हणजे दोन-तीनशे वर्षांचा मातीपरीक्षणाचा अहवाल. चिबड म्हणजे पाणी साचून राहणारी, बरड म्हणजे हलकी, मुरमाड. गट नंबरासमोर नाव लिहिलं की अर्धा आराखडा तिथंच उभा राहतो.

उतार मोजायला भारी यंत्र लागत नाही. गवंड्याची पाणी भरलेली पारदर्शक नळी, दोन काठ्या आणि टेप बास. जिथं घरं होतील असं वाटतं तिथं टिकावानं खड्डा घ्या आणि काळी माती किती फुटांवर संपते, मुरूम कधी लागतो हे वहीत लिहा. दोन फुटांवर मुरूम आणि नऊ फुटांवर मुरूम यात एका साध्या घराच्या पायाचा खर्च कितीतरी पटींनी बदलतो. घरकुलाच्या अनुदानात नऊ फुटांचा पाया बसत नाही. मग माणूस तीन फुटांवर थांबतो आणि चार वर्षांनी भेगा मोजतो.

पायरी ३: पाण्याची जागा आखा

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं, ते आपण विसरलेलो नाही. पहिल्या फेरीत पाच लाख लिटर होतं. आता एक हिशेब करा. दोन हजार वस्तीचं गाव, माणशी रोज ५५ लिटर (जलजीवन मिशनचं हेच प्रमाण आहे), म्हणजे रोजचे १ लाख १० हजार लिटर. ती आख्खी रेल्वे एवढ्याशा गावाला पाच दिवससुद्धा पुरली नसती. वर्षाचे झाले सुमारे ४ कोटी लिटर.

दुसरीकडं, एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा हजार लिटर पाणी. ६०० मिलिमीटर पडला तर हेक्टरी ६० लाख लिटर. त्यातलं समजा दहा टक्के मुरलं, तर हेक्टरी सहा लाख. ४ कोटींना सहा लाखांनी भागा: साधारण ६७ हेक्टर. म्हणजे नुसतं माणसांना घरवापराचं पाणी हवं असेल, तर विहिरीच्या वरच्या अंगाला सुमारे १६५ एकर जमीन पाणी मुरवणारी राहिली पाहिजे. जनावरं, शेती, उद्योग यांचं गणित वेगळंच. दहा टक्क्यांचा आकडा तुमच्या खडकाप्रमाणं बदलेल. आपल्या बेसाल्टमध्ये काही थर पाणी धरतात, काही अजिबात घेत नाहीत. त्यासाठी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयाला पत्र देऊन तुमच्या पाणलोटाची माहिती मागा. हा हिशेब फळ्यावर मांडला की बैठकीत एकदम शांतता होते, असा माझा अनुभव आहे.

नकाशावर आता निळ्या खडूनं या गोष्टी काढा. माथ्याची जमीन, जिथून गावच्या विहिरीकडं पाणी झिरपतं. तिथं घरं नकोत, खडी केंद्र तर नकोच. झाडं, गवत, समतल चर चालतील. मग सगळे ओढे-नाले, आज कोरडे असले तरी. मग तळी, बारवा, आड. सार्वजनिक पिण्याच्या विहिरीभोवती ५०० मीटरचं वर्तुळ काढा, कारण त्या अंतरात नवी विहीर किंवा बोअर घेण्यावर महाराष्ट्राच्या भूजल कायद्यानं १९९३ पासूनच निर्बंध आहेत. २००९ च्या अधिनियमात तर साठ मीटरपेक्षा खोल जाण्यालाही बंदीची तरतूद आहे. बोअरच्या गाडीवाल्याला हे कुणी सांगितल्याचं दिसत नाही.

नदीकाठचं गाव असेल तर जलसंपदा विभागाकडून पूररेषा मागा. निळी रेषा साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदाच्या पुराची. नदी आणि निळी रेषा यांच्यामध्ये बांधकाम निषिद्ध, निळी ते लाल नियंत्रित. रेषा आखलेलीच नसेल, आणि लहान नद्यांवर बहुधा नसते, तर गावानं स्वतः पुराच्या खुणा मांडाव्यात. २०२५ च्या सप्टेंबरात सीना, तेरणा, मांजरा, सिंदफणेच्या काठी पाणी कुठवर चढलं होतं ते भिंतींवर अजून दिसतं. ती खूण रंगानं पक्की करा, तारीख टाका. पुढच्या पिढीतला कुणी इंजिनेर तिथं प्लॉट पाडायला आला तर त्याला वावराचं नाव विचारायची गरज पडणार नाही.

साध्या ओढ्याला दोन्ही काठांनी किती जागा सोडायची? जे नियम लागू असतील ते पाळाच. पण माझा ठोकताळा असा: ओढ्याच्या वरच्या रुंदीइतकी जागा दोन्ही बाजूंना मोकळी, करंज-बांबू-गवताखाली. त्यात पाणंद बसवली तर ओढाही राखला जातो आणि वाटही. सिमेंटच्या भिंती घालून ओढ्याची गटार करण्याचं काम कुणी सुचवलं तर नम्रपणे नाही म्हणा.

हे सगळं आधी झालेलं आहे. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला मलिक अंबरनं खडकी, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर, वसवलं आणि उत्तरेच्या डोंगराकडलं पाणी जमिनीखालच्या नहरीनं, निव्वळ उतारावर शहरात आणलं. आपल्या काळातलं उदाहरण जालन्याजवळच्या कडवंचीचं. खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राबरोबर गावानं माथ्यापासून पायथ्यापर्यंत पाणलोटाची कामं केली आणि द्राक्षबागा त्यानंतर वाढल्या.

पायरी ४: वाटा मोकळ्या करा

भावकीतले निम्मे वाद वाटेवरून होतात. गाव नकाशात पायमार्ग एकेरी तुटक रेषेनं आणि गाडीमार्ग दुहेरी तुटक रेषेनं दाखवलेला असतो. पायमार्गाची रुंदी सव्वाआठ फूट, गाडीमार्गाची साडेसोळा ते एकवीस फूट धरतात. प्रत्यक्षात बघाल तर गाडीमार्गावर एक बैल जाईल एवढी वाट उरलेली असते आणि दोन्हीकडचे म्हणतात, बांध त्याचा पुढं आलाय.

नकाशावर असलेला रस्ता अडवला असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदाराकडं अर्ज. वाट कधी नव्हतीच आणि शेताला रस्ता हवा असेल तर जमीन महसूल संहितेचं कलम १४३. हे दोन अर्ज वेगळे आहेत. चुकीच्या कलमाखाली अर्ज करून दोन वर्षं घालवलेले लोक प्रत्येक तालुक्यात भेटतात.

पण अर्जाआधी एक करून बघा. सगळ्यांच्या वाटा एकाच दिवशी खुल्या करायच्या ठरवा. एकट्याचा बांध सरकला तर तो अपमान वाटतो. सगळ्यांचा सरकला तर काम वाटतं. पेरणीच्या तोंडावर हे करू नका, हरभरा-ज्वारी निघाल्यावर करा. काळ्या मातीत नुसता मुरूम टाकून भागत नाही. आधी दोन्ही कडेला चर, मग दगडाची सोलिंग, मग मुरूम. चर नसेल तर पहिल्या पावसात मुरूम खाली आणि चिखल वर. पाणंद रस्त्यांच्या सरकारी योजनांतून ही कामं होतात.

गावठाणाच्या आतही एक कसोटी लावा. रुग्णवाहिका प्रत्येक गल्लीच्या तोंडापर्यंत पोचते का? तांड्यावर, मागासवर्गीय वस्तीत पोचते का? ज्या गल्लीत ती पोचत नाही तिथं पेव्हर ब्लॉकआधी ओटे आणि पायऱ्या मागं घेण्याचं बोलणं करावं लागेल. अवघड आहे, कारण ओट्यावर बसूनच बैठका होतात.

पायरी ५: गायरान

सगळ्यात जास्त वेळ इथं द्या.

गायरान ही ग्रामपंचायतीची मोकळी जागा नव्हे. मालकी सरकारची, वापर गावाचा. सर्वोच्च न्यायालयानं २८ जानेवारी २०११ ला जगपाल सिंग विरुद्ध पंजाब राज्य या प्रकरणात गावांच्या सामायिक जमिनींवरची अतिक्रमणं काढायला राज्यांना सांगितलं, आणि त्याला धरून महाराष्ट्र शासनानं १२ जुलै २०११ ला निर्णय काढून गायरानाच्या वाटपावर कडक बंधनं घातली. म्हणून 'गायरानात दुकानं काढू आणि गाळे भाड्यानं देऊ' हा बैठकीतला लाडका प्रस्ताव बाजूला ठेवा.

मराठवाड्यात मात्र गायरानाची दुसरी बाजू आहे आणि ती न बघता 'अतिक्रमण हटाव' म्हणणं हा अन्याय आहे. इथं भूमिहीन दलित आणि भटक्या कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या गायरान कसलं. दादासाहेब गायकवाडांचे भूमिहीनांचे सत्याग्रह, पुढं बीडकडं एकनाथ आवाडांनी उभी केलेली चळवळ, हा इतिहास आहे. १९७८ ते १४ एप्रिल १९९० या काळात शेतीसाठी झालेली अतिक्रमणं नियमानुकूल करण्याचा शासन निर्णय १९९१ मध्ये निघाला. अनेकांकडं त्या काळच्या दंडाच्या पावत्या, पीकपाहणीच्या नोंदी आहेत आणि सातबारा अजून झालेला नाही. आराखडा करताना आधी नमुना १-इ प्रत्यक्षाशी ताडा आणि तीन याद्या करा: पोट भरण्यासाठी कसणारे, राहण्यासाठी घर बांधलेले, आणि स्वतःची पंधरा एकर असून गायरानात गोठा सरकवलेले. तिन्हींना एकच नोटीस देणारा आराखडा गावात पहिल्याच दिवशी मरतो. पहिल्या दोघांच्या कागदांचा पाठपुरावा करा. तिसऱ्याला ग्रामपंचायत अधिनियमाचं कलम ५३ दाखवा आणि तहसीलदारांना कळवा.

उरलेल्या गायरानात काय हवं? चारा आणि झाडं, त्यासाठी सलग तुकडा. स्मशानभूमी, आणि तिच्याकडं जाणारी बारमाही वाट. मराठवाड्यात पावसाळ्यात प्रेत घेऊन चिखलातून, कधी दुसऱ्याच्या वावरातून जावं लागतं, आणि यात हाल सगळ्यात जास्त कुणाचे होतात हे सांगायला नको. एकाच शेडखाली सगळ्या जातींचं दहन होईल अशी एकच जागा गावानं मान्य केली तर जमीनही कमी लागते. हे मी जमिनीच्या हिशेबानं म्हणतोय, बाकीचं ज्याचं त्यानं समजावं. कचऱ्याची जागा वाऱ्याची दिशा बघून, पाण्याच्या खालच्या अंगाला. आपल्याकडं पावसाळी वारं पश्चिमेकडून-नैऋत्येकडून येतं, म्हणून उकिरडा गावाच्या पश्चिमेला नको.

अलीकडं सौर कृषी वाहिनीसाठी वीज उपकेंद्राजवळची गायरानं मागितली जातात. दिवसा वीज मिळणं ही शेतकऱ्याची खरी गरज आहे, त्यामुळं सरसकट विरोध मला पटत नाही. पण तुमच्या नकाशावर माथ्याची, चराईची आणि कसणाऱ्यांची जमीन आधी रंगवलेली असेल तर कुठला तुकडा द्यायचा हे तुम्ही सांगू शकता. नसेल तर ते कुणीतरी वरून ठरवेल.

पायरी ६: आता घरं

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला तेव्हा माणसं मुख्यतः दगड-मातीच्या जाड भिंती आणि वरच्या माळवदाच्या (मातीच्या सपाट छताच्या) ओझ्याखाली गेली. हजारो गेली. भूकंपाच्या नकाशावर तोवर हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. त्यानंतर बावन्न गावं नव्या जागी हलली. घरं मजबूत झाली, ते बरंच झालं. पण त्या पुनर्वसित गावांत फिरलात तर जमीनवापराचा दुसरा धडा मिळतो. रस्ते रुंद, सरळ, चौकोनी. घराघरांत मोठं अंतर. वसाहत जुन्या गावाच्या कितीतरी पट पसरलेली. तेवढीच लांब पाण्याची नळी, तेवढेच दिव्याचे खांब, तेवढीच गटारं, आणि देखभाल करायला तीच ग्रामपंचायत. वावर लांब गेलं, भावकी विखुरली, दुपारी उन्हात सावलीची गल्ली नाही. रस्ता रुंद केला म्हणजे नियोजन झालं, हा समज तिथं उतरतो.

म्हणून नव्या जागेआधी जुनी पांढरी भरा. गावठाणातले पडके वाडे, बंद घरं, ढिगारे यांची मोजदाद करा. मालक पुण्याला असतात, वारस पंधरा. सगळे जमणार नाहीत, पण दहातले तीन जमले तरी काळ्या जमिनीतले तीन प्लॉट वाचले.

मग गरज काढा. समजा पुढच्या दहा वर्षांत साठ नवी घरं लागणार. घरामागं दीड गुंठा धरला, अंगण आणि दोन जनावरांसह, तर ९० गुंठे. रस्ते, गटारं, मोकळी जागा यांना चाळीस टक्के धरा; एकूण १५० गुंठे, म्हणजे पावणेचार एकर. एवढंच. बैठकीत लोक वीस एकर म्हणतात. पावणेचार एकर हा आकडा लिहून दाखवला की मागणीचा आवाज खाली येतो.

जागा निवडताना खड्ड्यांची वही काढा. मुरूम जवळ, निचरा चांगला, शाळा आणि पाण्याची टाकी चालत दहा मिनिटांत, आणि गावठाणाला चिकटून. चिकटून असण्याचा कायद्यानंही फायदा आहे. गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आत, प्रादेशिक योजनेच्या अटींत बसत असेल तर वेगळी अकृषिक (शेतीखेरीज वापराची) परवानगी मागावी लागत नाही. पण हे २०० मीटरचं वर्तुळ आंधळं असतं. त्यात ओढाही येतो, लवणही येतं. ते वगळण्याचं काम तुमच्या निळ्या खडूचं. गावठाणाची हद्दच वाढवायची असेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम १२२ खाली ते जिल्हाधिकाऱ्यांच्या हातात आहे. प्रस्ताव ग्रामसभेच्या ठरावासह पाठवा.

गल्ल्या आखताना उन्हाचा विचार करा. आपल्याकडं मेमध्ये पारा बेचाळीस-त्रेचाळीसला जातो. घरांच्या लांब बाजू उत्तर-दक्षिणेला तोंड करून ठेवल्या तर पश्चिमेचं ऊन कमी भिंतीवर पडतं. लहान गल्ली, दोन्हीकडं ओटा, टोकाला पाराची जागा. कडुनिंबाचा खड्डा गटाराच्या आधी आखायचा. नंतर जागाच राहत नाही.

आणि घरकुलाच्या यादीतली जमीन नसलेली कुटुंबं, तांडा, मागासवर्गीय वस्ती यांना उरलेला तुकडा देऊ नका. उरलेला तुकडा नेहमी लवणात असतो.

पायरी ७: हमरस्त्याची कड

सोलापूर–धुळे महामार्ग असो की समृद्धीची जोडवाट, प्लॉटिंगचे बोर्ड आधी लागतात आणि गटार कधीच होत नाही. गावानं दोन गोष्टी ठरवाव्यात: दुकानं-ढाबे-गॅरेज एकाच ठिकाणी, एका जोडरस्त्यावर, आणि मधली जमीन शेतीच. प्लॉट घेणाऱ्यानं अकृषिक आदेश, मंजूर लेआउट, त्यात मोकळी जागा नेमकी कुठं आहे आणि पाण्याचा स्रोत, एवढं बघावं. मोकळी जागा बहुधा ओढ्यात दाखवलेली असते.

पायरी ८: ठराव

सगळं रंगवून झालं की आधी वॉर्डसभा आणि महिलासभा, मग ग्रामसभा. गणपूर्तीला एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यातली कमी संख्या लागते. ठरावात 'गावाच्या उत्तरेकडील जागा' असं लिहू नका. गट नंबर, क्षेत्र हेक्टर-आरमध्ये, चतुःसीमा, वापर, आणि काय होणार नाही, हे पाचही लिहा. नकाशाची सही-शिक्क्याची प्रत ठरावाला जोडा आणि एक-एक प्रत तहसील, पंचायत समिती आणि नगररचना कार्यालयाला देऊन पोच घ्या. 'आमचं गाव, आमचा विकास' या ग्रामपंचायतीच्या विकासकामांच्या आराखड्यात पुढची सगळी कामं याच नकाशावरून घाला, म्हणजे पैसे आणि नकाशा एकमेकांना ओळखतील.

एक मर्यादा लक्षात ठेवा. ग्रामसभेचा जमीनवापराचा ठराव म्हणजे नगररचना कायद्याखालची विकास योजना नव्हे. पण त्या कायद्याखाली तुमच्या भागाची प्रारूप योजना आलीच, तर हरकतीला कलम २६ प्रमाणं तीस दिवस असतात. तयार नकाशा, पुराच्या खुणांचे फोटो, वावरांची नावं हातात असलेलं गाव तीस दिवसांत नेमकी हरकत देतं. बाकीची गावं तीस दिवस नकाशा कुठं बघायला मिळतो ते शोधत बसतात.

शेवटचं काम रंगाऱ्याचं. ग्रामपंचायतीच्या बाहेरच्या भिंतीवर, जिथं पाऊस थेट लागत नाही तिथं, आठ बाय दहा फुटांचा नकाशा ऑइलपेंटनं काढून घ्या. ओढे निळे, माथा हिरवा, वाटा लाल, गायरान पिवळं, घरांची जागा करडी. गट नंबरासोबत वावराचं नावही लिहायला लावा. रंगारी कंटाळतो, त्याला वरून पाचशे रुपये द्या. आमच्या एका गावात हा नकाशा झाल्यावर दुसऱ्याच दिवशी एक म्हातारी येऊन उभी राहिली, बराच वेळ बोट फिरवत राहिली, आणि रंगाऱ्याला म्हणाली, "बाबा, माझ्या माहेरच्या वावराखालून पाट जायचा, त्यो राह्यलाय." पाट काढला. पुढच्या मेमध्ये खणून बघितलं तेव्हा दगडी पाट तिथंच होता, दोन फूट गाळाखाली.